हिरव्या पेन्सिलीतला दोनचा आकडा

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... पण टाळण्याचं कारण ते नाही. हे सांगायचं तर आधी माझा खोटेपणा सांगावा लागतो.

रत्नागिरीत माझं डीटीपीचं छोटं ऑफिस होतं. प्रूफं तपासायला मांडवीहून नाना यायचे. तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही! आधी फक्त मजकूर वाचायचे. मग मजकुराकडे ढुंकूनही न बघता नुसते फोटो आणि त्यांखालची नावं. शेवटी कागद उलटा धरून रिकाम्या जागा बघायचे. प्रत्येक प्रूफच्या कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीने वर्तुळ आणि आत आकडा — पहिलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्यावर त्यांची सही झाल्याशिवाय काहीही छापायला जायचं नाही.

एका शाळेची स्मरणिका होती. श्रद्धांजलीच्या पानावर एका हयात गुरुजींचा फोटो लागला होता. नानांनी दुसऱ्या प्रूफात तो बरोबर पकडला. मी बदलला, त्यांनी तिसऱ्यावर सही केली... आणि घाईत मी प्रेसला पाठवली ती जुनी फाईल.

कमिटीची माणसं भडकून आली. "जिवंत माणसाला हार घातलात तुम्ही!"

मी नानांकडे बोट दाखवलं. "तपासलं यांनी."

नाना पेन्सिल खिशात टाकून म्हणाले, "चुकलं असेल. वय झालं आता."

ते परत आले नाहीत. गावात पुढे कुणीच त्यांच्याकडे प्रूफ पाठवलं नाही. त्यांच्या सहीचं तिसरं प्रूफ मी घरी नेऊन पाणी तापवायच्या बंबात घातलं.

चार वर्षांनंतरची एक दुपार. ऑफिसात मी एकटा. एका पुस्तिकेचं शेवटचं, तिसरं प्रूफ काढलं. प्रिंटर काळ्या शाईचा. कागद गरम गरम बाहेर आला आणि त्याच्या कोपऱ्यात हिरवं वर्तुळ, आत दोन! मागून बोट फिरवलं, तर पेन्सिलीचा दाब हाताला लागला. स्क्रीनवर बघितलं... दुसऱ्या प्रूफची जुनी फाईल उघडी होती. मी तीच पाठवणार होतो.

तसाच मांडवीला गेलो. नाना सहा महिने अंथरुणावर होते, उजवा हात लुळा. नानांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "अहो, कोण आलंय बघा तरी."

नानांनी डोळे उघडले. "काय रे मेल्या, तिसरं काढलंस ना?"

त्या कागदाबद्दल मी कुणाशी अक्षरही बोललो नव्हतो.

"काढतो, नाना."

"मग जा की! इथे काय बसलायस? फोटो नीट बघ." आणि चक्क हसले.

शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात काकूंनी चहा आणला, तो पिऊन मी निघालो. आठवड्याभरात नाना गेले.

तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. आकडा कुणी काढला, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी काय बोलायचं होतं, ते मात्र पाठ आहे — नाना, तुमचं काहीही चुकलं नव्हतं. जुनी फाईल मी पाठवली. तुमच्या सहीचं प्रूफ मी जाळलं. मला माफ करा.