शिवगंगाबाईंचा सोसण्यावर राग

शिवगंगाबाई आमच्या दवाखान्यातल्या नर्स, आणि भारी तोंडाळ. मी तिथंच कंपाउंडर, त्यामुळं त्यांची बोलणी माझ्या पाचवीलाच पुजलेली. नळदुर्गला सोलापूरचे हाडांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत, ऑपरेशनं करून परत जात. पुढचं दुखणं बाईंच्या हवाली. "सोसणाऱ्याचं कसलं कौतुक?" त्या म्हणत. "ओरडणारा परवडला. कुठं दुखतंय ते कळतं तरी!"

पण बासष्ट साली त्याही फसल्या.

जळकोटची हरणाबाई बैलगाडीतून पडली, नडगी मोडली. ऑपरेशन होऊन प्लास्टर चढलं. नवरा हैदराबादेत नोकरीला, म्हणून सासरे श्रीमंतराव खाटेजवळ बसून. माणूस मायेचा, जागचा हलेना. दुखतंय म्हणाली की इंजेक्शन द्या, असं डॉक्टर सांगून गेले होते. बाईंनी संध्याकाळपर्यंत तीनदा विचारलं. हरणाबाई पदर नाकापर्यंत ओढून नुसती नाही म्हणून मान हलवी. "सून लई घट्ट हाय आमची," श्रीमंतराव कौतुकानं सांगत. बाई कागदावर 'दुखत नाही' असं लिहून मोकळ्या झाल्या.

सकाळी चादर सारखी करताना त्यांना पदराचं टोक दिसलं. चावून चावून त्याची पार चिंधी झाली होती. पायाची बोटं चाचपली, तर सुजलेली आणि गार. बाईंनी श्रीमंतरावांना पाणी आणायला पिटाळलं आणि खाली वाकल्या.

"आता खरं सांग."

"जीव चाललाय बाई. पर मामंजीम्होरं कसं कण्हू?"

आत सूज चढून प्लास्टर आवळलं होतं. आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता. बाईंनी पळत जाऊन आमच्या दवाखान्यातल्या रोजच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी प्लास्टर उभं चिरून सैल केलं, इंजेक्शन दिलं. बोटांत ऊब यायला लागली.

"मीच गाढव," बाई मला म्हणाल्या. "सासऱ्यासमोर सुनेला विचारत बसले." इतक्या वर्षांत मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

श्रीमंतराव तांब्या घेऊन दारात उभे होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, एकही शब्द गोड न करता. म्हाताऱ्यानं तांब्या खाली ठेवला, घोंगडं उचललं आणि बाहेर व्हरांड्यात दाराकडं पाठ करून बसला. इंजेक्शन चढायला अजून अवकाश होता. त्यानं तिथूनच आवाज दिला,

"हरणा, कण्ह पोरी. म्या हितं न्हाय."