बांगडीखालचं पाणी

बांगड्या भरून झाल्या तरी जैतूनबी हात सोडत नसे. गुल काढलेली एक आगकाडी ती बांगड्यांच्या टोपलीत कायम ठेवायची. ती काडी बांगड्या आणि मनगट यांच्यामधून आरपार घालायची, मग तांब्यातलं पाणी मनगटावर ओतून हात उलटा करायची. पलीकडच्या बाजूनं थेंब टपकले की म्हणायची, "हां, फिरलं पाणी. उठा आता." पाटलांची सून असो की माझ्यासारखी भाड्याच्या खोलीत राहणारी मास्तरीण, आगकाडी कुणाला चुकत नसे. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "आवं जैतूनबी, आमी कुठं नमाज पडतोय?" ती म्हणाली, "तुमी नका पडू. पर माज्या हातची बांगडी हाय न्हवं?"

सत्तरच्या सुमाराला बदली होऊन मी उंब्रजच्या हायस्कुलात आले. माझ्या न्हाणीची भिंत आणि जैतूनबीची मोरी यांच्यामध्ये एक पेरूचं झाड होतं, त्यामुळे तिचं वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, मला इच्छा नसतानाही दिसायचं. मी चार पुस्तकं वाचलेली बाई. कुठल्याही धर्मात बायकांसाठी वेगळा आणि जास्त जाचक नियम असणारच, अशी माझी खात्री होती. म्हणून एक दिवस मी सरळ विचारलं, "पुरुषांचं वजू वेगळं असतं का गं?"

"अंग तेच, पाणी तेच," ती म्हणाली. "तोंड, कोपरापत्तर हात, डोईवर ओला हात, घोट्यापत्तर पाय. बाप्याला दाढीत वली बोटं फिरवाय लागत्यात. आमाला दाढी न्हाई, तर आमाला बांगडी दिली. खाली पाणी ग्येलं पायजे. नखात कणीक वाळली आसंल तर ती काढायची, नखाला रंग लावला आसंल तर त्योबी खरवडायचा. मेंदीला हरकत न्हाई, मेंदी पाणी आडवत न्हाई."

"आणि डोक्यावरून आंघोळ?"

"तितं आमचं बरं हाय. बाईची येणी सोडाय लागत न्हाई, मुळं भिजली की झालं. बाप्यानं केस वाडवलं तर त्येला मातुर समदं सोडाय लागतंय." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर एक सूट पदरात पडल्याचं समाधान होतं.

खरा फरक मला पेरूच्या आडून दिसला, तो नियमांत नव्हता. तिचा नवरा दस्तगीर माझ्या शाळेच्या वाटेवरच्या मशिदीत, हौदावर वजू करी. पाच-सात जण रांगेनं बसलेले, खळाखळा चुळा, घसा साफ करण्याची चढाओढ, मध्येच उसाच्या टोळीची चौकशी. जैतूनबी एका तांब्यात सगळं उरकायची. चुलीवर भाकरी, पाठीशी नातू, दारात बांगड्या भरायला आलेली बाई. तरी कोपरापासून पाणी खाली उतरताना तिचा हात घाई करत नसे. महिन्यातल्या ज्या दिवसांत बाईला नमाज माफ असते, त्या दिवसांतही ती वेळेवर वजू करून चटईवर जाऊन बसायची. नुसती बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "नमाज माफ हाय, बाई. येळ कुटं माफ हाय?" मी देवळातही सहसा न जाणारी. पण त्या उत्तरानंतर तिला काही विचारताना माझा आवाज आपोआप खाली यायला लागला.

तेव्हा ती आगकाडी मात्र नव्हती. ती नंतर आली.

झालं असं, की एका सकाळी मोहल्ल्यात बाहेरगावचे एक वक्ते आले. जीप, तीन हार, दोन कर्णे. एक कर्णा बायकांच्या पडद्याकडे वळवलेला. बोलले ते चूक नव्हतं, इतकंच की दोन कर्ण्यांतून बोलले. जिथे केसभर जागा कोरडी राहिली तिथे वजू नाही, आणि वजू नाही तर नमाज नाही. हार घेऊन जीप कराडकडे गेली. पडद्यामागे पंचवीस-तीस बायका आपापल्या मनगटांकडे बघत बसल्या.

तासाभरात त्या जैतूनबीच्या अंगणात होत्या. सगळ्यांच्या हातात तिनंच भरलेल्या बांगड्या. सगळ्यांत पुढे शमीम, सहा-सात महिन्यांपूर्वी लग्न झालेली पोर. नवरा लष्करात, सरहद्दीवर. तिला दिवस गेलेले, हातपाय सुजलेले. लग्नात जैतूनबीनं तिला दोन मापं लहान हिरवा चुडा भरला होता आणि सगळ्या मांडवानं वाहवा केली होती. हातावर घट्ट बसलेला चुडा हीच भरणारणीची कसोटी असे.

शमीमची सासू म्हणाली, "आपा, वाडवून टाका बांगड्या. नमाज मोटी का चुडा मोटा?"

'वाढवणं' म्हणजे फोडणं. तो शब्द बायका तोंडानं उच्चारत नाहीत. नवरा सरहद्दीवर असताना तर नाहीच. शमीमनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "न्हाई फोडणार मी," ती म्हणाली आणि तोच शब्द आपण बोलून गेलो हे ध्यानात येऊन रडायला लागली.

जैतूनबीनं घरातून ज्वारीचं पीठ आणलं. एकेकीच्या बांगड्या वर सरकवून मनगटावर पीठ चोळलं, बांगड्या जागेवर आणल्या आणि म्हणाली, "करा वजू, रोजच्यावानी." बायकांनी केलं. बांगड्या बाजूला केल्या तर खाली पीठ नाही, स्वच्छ कातडी. एकेक बाई हसून मागे सरकत होती. शमीमच्या बांगड्या सरकेनातच. तिच्या हातावर चुड्याच्या कडेनंच पीठ आत दाबलं, तिनं वजू केलं. जैतूनबीनं तिचा हात उन्हात धरून फिरवला. काचेखाली पांढरी, कोरडी कडी दिसत होती.

जैतूनबी त्या कडीकडे बघत राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही चूक माजी हाय. तीस वरसं मी बांगडीबी भरतीया आन वजूबी करतीया, पर दोनी येकत्र कवा बघितलं न्हाई. वाहवा ऐकून घट्ट भरत ग्येले. पोरीला ठावं न्हवतं. हिचा जाब माजा."

मी शाळेत गेले नाही, हे इथे कबूल करते. तिनं शमीमला खांबाला टेकवून बसवलं, दोन्ही हात डोक्याच्या वर धरायला लावले. माठातल्या पाण्यात फडकं बुडवून ते हातांवर गुंडाळलं, सुकलं की पुन्हा बुडवलं. सूज उतरायला दीड तास गेला. मग साबणाचं पाणी. अंगठ्याच्या मुळाशी हाड असं दाबलं की तळहात नळीसारखा झाला. पहिली बांगडी सांध्यावर अडली. शमीमनं ओठ चावला. सासूनं डोळे मिटून घेतले.

"खाला, फुटंल," शमीम सख्ख्या मावशीला सांगावं तशी म्हणाली.

"बोलू नगंस गं पोरी. काचंला आयकू येतंय."

बांगडी निघाली. अख्खी. मग दुसरी. दोन्ही हातांच्या मिळून चोवीस. मी बऱ्याच सत्कारांना टाळ्या वाजवल्या आहेत, पण त्या अंगणात टाळी वाजवायची कुणाची छाती झाली नाही. चोविसावी परडीत ठेवल्यावर जैतूनबीनं रिकाम्या मनगटांवर क्षणभरही ऊन पडू दिलं नाही. आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून शमीमच्या हातात एकेक घातली. मग टोपलीतून मोठ्या मापाच्या हिरव्या काढल्या, भरल्या, आणि चुलीपाशी जाऊन आगकाडी घेऊन आली. पाणी ओतलं. थेंब टपकले. "आता पड नमाज," ती म्हणाली.

पुढचा महिनाभर ती मसूर, तारळे, आजूबाजूच्या वाड्या पायी फिरली, आपण भरलेलं एकेक मनगट तपासत. दस्तगीर माझ्यापाशी कुरकुरला, "आवं बाई, कुनी बोलीवलं न्हाई, कुनी इच्यारलं न्हाई." ती आतून म्हणाली, "इचारंपत्तर थांबू व्हय?" घट्ट चुडा हवा असणाऱ्या बायका तिच्याकडे येईनाशा झाल्या. तिनं माप बदललं नाही.

माझी सांगलीला बदली झाली. दशक संपता संपता तिच्या आजारपणाचं कळलं, आणि मी एसटीनं पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. पेरूच्या झाडाखाली शमीम बसली होती. बाईला शेवटची आंघोळ बायकाच घालतात, आणि त्याआधी वजूही. ते तिनं केलं होतं.

"लय वाळली व्हती खाला," ती म्हणाली. "आंगावरलं समदं काडाय लागतंय, बांगड्याबी. मी म्हनलं, हिच्या हातची बांगडी मी फुटू द्याची न्हाई. साबनाचं पानी करून ठिवलं व्हतं."

तिनं परडी पुढे केली. तीत दोन हिरव्या बांगड्या होत्या, अख्ख्या.

"मनगटावर नुसता तांब्या वतला, बाई. पान्यासंगं आपसूक खाली आल्या. साबन लागलाच न्हाई."