मनोहरच्या बोटीतलं पाणी

"अहो, डबा द्या ना इकडे! बोट बुडून राहिली!"

शशीवहिनी ओरडल्या तेव्हा आम्ही खिंडसी तलावाच्या ऐन मध्यात होतो, आणि माझ्या अंदाजानं तिथलं पाणी थेट पाताळापर्यंत खोल होतं. मी लाइफ जॅकेटच्या पट्ट्या आवळल्या. त्यांचा नवरा, माझा दोस्त मनोहर, मात्र स्टेअरिंग धरून हसला. "घाबरू नको वं शशी, मी आहो ना!" म्हणत त्यानं ऑइलपेंटचा रिकामा डबा पायानंच तिच्याकडे सरकवला, आणि वहिनी पाणी उपसू लागल्या... मनोहरला मी पाहिलं ते तेवढं शेवटचं. आठ दिवसांनी दुपारचं जेवण करून तो हात धुवायला उठला, तो पुन्हा बसलाच नाही. त्याला जाऊन सव्वा महिना झाला. दारासमोर ताडपत्रीखाली बोट तशीच उभी आहे.

मनोहर जरीपटक्यातला कूलर दुरुस्त करणारा. नागपूरचा उन्हाळा निम्मा सूर्य चालवायचा आणि निम्मा मनोहर. पत्र्याच्या टाकीत पाणी टिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानं साठीला पाणी बाहेर ठेवण्याचं खूळ घेतलं. कुठलंसं बंद पडलेलं बोटिंग सेंटर जुनी मोटरबोट काढून टाकत होतं, ती हा उचलून घेऊन आला. ती ट्रकवरून गल्लीत शिरली तेव्हा सात वराती खोळंबल्या, असं मी सगळीकडे सांगतो. तीन धरा. दोन वर्षं नवरा-बायको तिच्यात खपले. वहिनी घासकागदानं जुना रंग खरवडत, हा इंजिनाचं पोट उघडून बसे. कूलरच्या टाकीला लावतात तसं डांबर त्यानं तळाला आतून फासलं, आणि इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा गल्लीतली कुत्री पळाली ती कामठीला जाऊन थांबली.

फक्त एक जागा त्यानं सोडली. मागे, बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बाहेर पडतो तिथून पाणी झिरपायचं. घटकाभरात तळाशी डबाभर. खिंडसीला जाऊन आलो की दर वेळी मी टोकायचो. शेवटी एकदा चहाच्या टपरीवर त्यानं मला जवळ ओढलं.

"शशीले पाण्याचं लई भेव हाये गा. हातात डबा असला की ते भेव विसरते. म्हणून ठेवलं. तिले सांगू नको."

मी! ज्याच्या पोटात पेपरातली बातमीसुद्धा टिकत नाही, त्यानं हे गुपित चार वर्षं सांभाळलं.

गेल्या रविवारी मात्र राहवलं नाही. वहिनींना पुन्हा खिंडसीला जायचं होतं, म्हणून मी डांबराचा डबा घेऊन गेलो. ताडपत्री बाजूला केली. आत तो ऑइलपेंटचा डबा उपडा पडलेला दिसला, आणि मी रडत रडत सगळं ओकलो.

"मले भेव?" वहिनी म्हणाल्या. "भाऊ, माझं माहेर कामठीचं. कन्हान नदीत पोहून मोठी झाली मी. भेव त्याले होतं. बोट काठापासून सुटली की त्याचे हात थरथरत. मी ओरडली की मग तो धीराचा होये. म्हणून ओरडत होती."

मी बोटीच्या काठावर बसलो. म्हणजे चार वर्षं कोण कोणाला सांभाळत होतं? तो माझ्याशी खोटं बोलला, की त्याला खरंच तसं वाटत होतं? की वहिनीच आता, तो गेल्यावर, आपलं भेव त्याच्या नावावर करताहेत? एका म्हशीच्या सात म्हशी करणारा माणूस मी, पण या दोघांपुढे माझी अक्कलच चालेना. मला तर ती गळती बुजवणंही पाप वाटू लागलं. तिच्यातून पाणी येत होतं म्हणून तर मनोहरचं ते "मी आहो ना" येत होतं...

"वहिनी," मी विचारलं, "बुजवू, की राहू देऊ आठवण म्हणून?"

त्यांनी डांबराच्या डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"बुजवा. एका हातानं बोट चालवू अन् एका हातानं पाणी काढू काय?"