झोक्याचा सूर

लातुरात गंजगोलाईच्या मागं एक गल्ली आहे, जी पहाटे सहापासून पोरापोरींनी वाहायला लागते. तिच्या मधोमध मकसूदभाईंचं दुकान. डाव्या हाताला बायोलॉजीचा क्लास, उजव्या हाताला मेस, डोक्यावर मुलींचं होस्टेल, आणि मधे दातात काडी अडकावी तसं हे आठ फुटी पेटीदुरुस्तीचं दुकान. पेटी म्हणजे हार्मोनियम. होस्टेलच्या पोरींना पेटी म्हटलं की ट्रंक आठवते, म्हणून हल्ली सांगावं लागतं.

ह्या दुकानाचे दोन कायदे. पहिला गल्लीनं घातलेला. बॅचा सुटल्या की सूर काढायचा नाही, पोरं पाठांतराला बसतात. त्यामुळं दुपारी दोन ते पाच, सगळी गल्ली वर्गात कोंडलेली असते तेव्हाच मकसूदभाई पेट्या वाजवून बघतात. दुसरा कायदा त्यांचा स्वतःचा. गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणायचं नाही. पेटी आणली की बसायचं. दोन तास लागोत, नाहीतर दिवस जावो. कंधारचे एक कीर्तनकार सकाळी नऊला आले ते शेवटच्या एस्टीला गेले. मधे दोनदा जेवले, एकदा घोरले, आणि जाताना म्हणाले, "दुरुस्ती नव्हं ही, सासुरवाड झाली." त्या कायद्याचा सगळा भार दिलशादबींच्या, म्हणजे मकसूदभाईंच्या बायकोच्या तव्यावर. पण तीस वर्षांत तिनं 'का' म्हणून विचारलं नाही. तिला ठाऊक होतं.

तीस वर्षांपूर्वी गल्लीत क्लास नव्हते. पेंढीचं गोदाम होतं, कडुलिंबाची दोन झाडं होती आणि दुपारी गाढवं उभ्या उभ्या झोपायची. तेव्हा तेरणेकाठच्या बोरखेड्याहून भुजंगराव यायचे. उंच, सडपातळ, डोळे कायम अर्धे मिटलेले, जागेपणीच कुठल्यातरी बागेत हिंडत असल्यासारखे. गावच्या भजनी मंडळाची पेटी त्यांच्या मांडीवर असायची. पहिल्याच खेपेला त्यांनी एक अजब काम सांगितलं.

पेटीला एक खुंटी असते. ती ओढली की आधाराचा एकच सूर खालून अखंड चालू राहतो, त्याच्यावर बाकीचं गाणं उभं राहतं. भुजंगराव म्हणाले, "मकसूदभाई, ह्यो आधारसूर केसभर खाली उतरवा."

"खाली? अहो, बेसूर हुईल ती."

"हू द्या. आमच्या मंडळात समदे म्हातारे. गळे उतरल्यात त्यांचे. पेटी वर अन् म्हातारे खाली, मंग त्यांला लाज वाटती, गपच बसतेत. पेटी जरा खाली वाकली तर काय बिघडलं? म्हाताऱ्यापुढं आपण न्हाई का वाकत?"

मकसूदभाईंच्या वस्तादांनी शिकवलं होतं, दुकानातून बाहेर पडणारी पेटी सरळ पाहिजे, तिरकी गेली तर तुझं नाव तिरकं. पण त्या दिवशी मकसूदभाईंनी आधारसुराची पितळी जीभ, वाऱ्यानं थरथरून सूर देणारी पातळ पत्री, मुळाशी हलकेच खरडली. मुळाशी खरडली की सूर उतरतो, टोकाला खरडली की चढतो. मग खुंटी ओढून वरचा सूर दाबला. दोन सूर एकमेकांना लागेनात, पण तुटेनातही. मधे एक संथ झोका निघाला, लिंबाला बांधलेल्या झोळीसारखा. भुजंगरावांनी डोळे पुरते मिटले. "हाव," ते म्हणाले, "ह्यो आमचा गाव."

त्या साली गणपतीत उंदरांनी भाता कुरतडला म्हणून पेटी दुकानात आली. अनंत चतुर्दशीला सकाळी भुजंगराव न्यायला आले, तर भात्याला लावलेला सरस अजून ओला.

"आज नेली तर भाता उकलंल," मकसूदभाई म्हणाले.

भुजंगराव पायरीवर टेकले. बायको आणि लेक अहमदपूरला माहेरी गेलेल्या, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. म्हणाले, "मंग ऱ्हाऊ का आज हितंच? पडतो दुकानात. सकाळी पेटी घेऊनच जातो."

आणि मकसूदभाई हसून म्हणाले, "बाप्पाला बोळवायचं सोडून हितं काय पडता? जावा. उद्या या."

पहाटे भूकंप झाला तेव्हा लातूरही हललं. दुकानामागच्या खोलीत दिलशादबीनं तान्ह्या पोरीला उचललं आणि सगळे रस्त्यावर धावले. मकसूदभाई अजून शपथेवर सांगतात, की धावता धावता त्यांनी ऐकलं, फळीवरच्या सगळ्या पेट्यांनी एकदम उसासा टाकला. "सपनात ऐकला असंल," दिलशादबी म्हणते. पण उजाडल्यावर बोरखेड्याची खबर आली, तेव्हा स्वप्न कुठलं आणि जाग कुठली हे कुणालाच सांगता येत नव्हतं. गावात उभी म्हणून एक भिंत राहिली नव्हती. म्हातारे गेले, भुजंगराव गेले.

पेटी वरच्या फळीवर चढली. दिलशादबीनं तिच्यावर आपली निळी ओढणी टाकली.

पुढं गोदाम पडलं, लिंबं गेली, क्लास आले. एका जूनमध्ये समोरच्या भिंतीवर हातभर फोटोंचा फलक लागला, गुणवंतांचा. त्यात एक सडपातळ पोरगी, डोळे अर्धे मिटलेले. खाली नाव, गीतांजली भुजंगराव. मकसूदभाईंच्या हातातली खरडणी गळून पडली. त्यानंतर दोन वर्षं ती पोरगी रोज दुकानावरून गेली, सकाळी फिजिक्सला, दुपारी केमिस्ट्रीला. दोन वर्षं मकसूदभाई रोज हाक मारायला तोंड उघडायचे. पेटी दिली की सांगावं लागणार, 'तुझा बाप ऱ्हातो म्हणत होता, मी धाडला.' तोंड मिटायचे. पोरगी शिकून विलायतेला गेली. पेटी तिथंच राहिली.

आणि ह्या वर्षी माघात, भर दुपारी, तीच गीतांजली दुकानाच्या पायरीशी उभी. केसांत चार पांढरे. सोबत एक गोरी बाई, पन्नाशीची, करडे केस, पायात धुळीनं माखलेले बूट.

"चाचा, तुम्हीच मकसूदभाई ना? आई गेली मागच्या महिन्यात. जाताना म्हणाली, बाबांची पेटी लातूरला दुरुस्तीला टाकली होती. मला वाटलं तापात बोलतेय."

मकसूदभाई स्टुलावर चढले. ओढणी काढली, आणि पेटी खाली आली.

गोऱ्या बाईचं नाव वाल्बोना. व्हिएन्नात गीतांजलीच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते, म्हणे. वाद्यमेळ्यांसाठी संगीत रचते, नावाजलेली आहे. जन्म मात्र आल्बेनियाचा. देश मोडत होता तेव्हा विशीत असताना माणसांनी गच्च भरलेल्या बोटीतून समुद्र ओलांडून आली. "रात्रंदिवस वरून एकच सूर यायचा," गीतांजली सांगत होती, "मी भांडायला वर गेले आणि तिथंच बसले. तिच्या गावात माणसं गोल बसतात. एकजण गातो, बाकीचे खाली एकच सूर धरतात. श्वास घ्यायचा तर चोरून. एकानं घेतला तर दुसऱ्यानं सोडायचा नाही. सूर तुटला तर गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन गेली."

वाल्बोनाबाईंनी खुंटी ओढली, भाता हलवला, एक पट्टी दाबली. झोका निघाला. तीस वर्षांनी, तसाच. बाईंनी मान खाली घातली आणि पेटीच्या अंगाला गाल लावून हळूच तो खालचा सूर गळ्यात धरला, ऊऽऽऽ म्हणून. हसल्या. मकसूदभाईंना ते हसू बोचलं. गिऱ्हाईक दुकानदाराच्या चुकीवर सभ्यपणानं हसतं, तसं वाटलं त्यांना.

"बाईंना ही त्यांच्या नव्या रचनेत हवी आहे," गीतांजली म्हणाली. "व्हिएन्नाला नेऊ आम्ही. आजच न्यायची का?"

"भाता साफ करावा लागंल," मकसूदभाई म्हणाले. मग त्यांची जीभ अडखळली. "उद्या या."

आत दिलशादबीच्या हातातलं लाटणं थांबलं.

दोघी गेल्या. मकसूदभाईंनी भाता पुसला, आणि पेटी बंद करायच्या आधी हात थबकला. विलायतेला चाललेली पेटी. मोठ्या मोठ्या लोकांपुढं वाजणार, आणि तिचा आधारसूर खाली! वस्ताद कबरीत कूस बदलतील. आणखी एक होतं, जे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. तो झोका ऐकला की पायरीवर बसलेले भुजंगराव दिसायचे. मकसूदभाईंनी पितळी जीभ बाहेर काढली, टोक घासलं, मळ काढला. सूर वर आला. रेघेसारखा सरळ.

"काय करून राहिले जी?" दिलशादबी दारात उभी होती.

"सुरात आणली. परदेशी चाल्ली ती."

"चाळीस वर्षं मी बेसूर बोलून राहिले, मला कधी खरडलं न्हाई," ती म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दोनला दोघी आल्या. वाल्बोनाबाईंनी खुंटी ओढली, पट्टी दाबली. पुन्हा दाबली. खुंटी आत ढकलून पुन्हा ओढली, जणू कुणी दार उघडेल. मग हात मांडीत घेऊन बसल्या आणि गीतांजलीला एकच वाक्य म्हणाल्या.

"चाचा, ती विचारतेय, काल इथं जी माणसं होती, ती कुठं गेली?"

मकसूदभाई पायरीवर बसले. जिथं भुजंगराव बसायचे तिथंच. आणि मग सगळं सांगितलं. म्हातारे, त्यांचे उतरलेले गळे, ओला सरस, "पडतो दुकानात," आणि "उद्या या." गीतांजली ऐकताना मधूनमधून बाईंना हळू आवाजात सांगत होती. शेवटचे दोन शब्द मात्र तिनं भाषांतर केले नाहीत.

ती म्हणाली, "बाबा थांबले असते का, कुणास ठाऊक. विसर्जनाला पेटी नाही तर टाळ्यांवर गाणारा माणूस." मग आवाज बदलला. "पण मी दोन वर्षं ह्या दारावरून गेले, चाचा. वर त्या होस्टेलात राहायचे. बापाचा चेहरा आठवत नाही म्हणून रडायचे. तुम्ही रोज बघत होता?"

"हाव," मकसूदभाई म्हणाले.

"आणि हाक नाही मारली?"

"न्हाई."

ती उठली. तिनं बॅग खांद्याला लावली. बाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी बोटानं पितळी जिभेकडं खूण केली, मग स्वतःच्या गळ्याकडं, आणि डोळे मिटून कालचा सूर धरला. खालचा. ऊऽऽऽ. दुकानभर तो पसरला, मेसच्या भिंतीपर्यंत.

मकसूदभाई ताडकन उठले. "बस, लेकी. तुला आज उठू देणार न्हाई. झाल्याशिवाय कुणी जायचं न्हाई."

दोनदा खरडलेली जीभ आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. एक घाव जास्त बसला की मेली, आणि तसली दुसरी जीभ मिळायची नाही. मकसूदभाईंनी मुळाशी एक हलका ओढा दिला, बसवली, वाजवली. बाईंच्या सुराच्या वर. पुन्हा काढली. पुन्हा ओढा. दिलशादबी चहा घेऊन आली ती तशीच कपबशा धरून उभी राहिली. चौथ्या खेपेला पट्टी दाबली आणि झोका निघाला, पहिल्यांदा घाईघाईचा, मग पाचव्या खेपेला संथ, आणखी संथ.

बाईंनी बोटानं खूण केली. अजून थोडा खाली.

"न्हाई," मकसूदभाई म्हणाले. त्यांचे डोळेही आता मिटलेले होते. "सांग बाईंना, काल त्यांनी ऐकला त्यात तीस वर्षांचा मळ बी होता. भुजंगराव इथवरच होते. ह्याच्या खाली ते कधी गेले न्हाईत."

गीतांजलीनं सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि आपला सूर सोडून त्या पेटीच्या सुरावर आल्या.

मकसूदभाई भाता हलवत राहिले. गल्ली वर्गात कोंडलेली होती. रिकाम्या रस्त्यावर ऊन झोपलं होतं. त्या उन्हात दोन लिंबं उभी असल्यासारखी वाटत होती, आणि त्यांच्याखाली कुणी कुणी येऊन बसत होतं, धोतर सावरत, खोकत, घसा खाकरत. बाईंचा श्वास संपत आला. त्यांनी तो चोरून घेतला.

सूर तुटला नाही.

मकसूदभाईंनी डोळे उघडले. बॅग खांद्याला तशीच, दाराच्या चौकटीला टेकून गीतांजली तो सूर धरून उभी होती. कच्चा गळा, केसभर खाली. तिचं तिला ठाऊकही नव्हतं. मकसूदभाईंनी दुरुस्त केला नाही. भाता जरा सावकाश केला, तिला तो पेलावा म्हणून.