मास्टरांच्या उजव्या बाजूला

जपानमधल्या त्सुकुबा शहरात माझ्या प्रयोगशाळेपासून सायकलने दहा मिनिटांवर एक कॉफीचं दुकान होतं. तिथे बोलायला बंदी. कॉफी घ्यायची आणि मालक लावतील ती रेकॉर्ड मुकाट्याने ऐकायची. पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. ट्रम्पेटवाल्याने अगदी हलक्या सुरात एक अशी जागा घेतली, की माझ्या तोंडून मोठ्याने "वाह!" निघून गेलं. पुण्याच्या मैफलींत वाढलेली जीभ, ती कसली आवरतेय! सगळ्या माना वळल्या. मालकांनी, म्हणजे सगळे ज्यांना मास्टर म्हणत त्या सत्तरीच्या गृहस्थांनी, ओठांवर बोट ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी जात राहिलो. पुढे एका रविवारी, दुकान उघडायच्या आधी, मास्टरांनी मला बोलावून काउंटरवर अमेरिकेचा नकाशा पसरला. त्यांचा डावा कान गेला होता आणि उजवाही फार तर वर्षभर साथ देईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी त्यांना मेम्फिस, नॅशव्हिल आणि न्यू ऑर्लिन्स ही गाण्याची शहरं प्रत्यक्ष ऐकायची होती. इंग्रजी येत नाही, म्हणून सोबत मी.

मी उत्साहाने लॅपटॉप उघडून तासातासाचा तक्ता मांडायला घेतला. "मेम्फिसमध्ये काय काय बघायचंय?" असं विचारल्यावर मास्टर उठले. पूर्वी एका मोठ्या भूकंपात दुकानातल्या निम्म्या रेकॉर्डी फुटल्या होत्या. उरलेल्यांची कपाटं तेव्हापासून दोरीने बांधलेली असत. त्यांनी गाठ सोडून एक रेकॉर्ड लावली.

"हे मेम्फिस. जुन्या सिनेमागृहात ध्वनिमुद्रण केलंय, जमीन उतरती आहे. ड्रमचा आवाज कसा घरंगळत येतो बघा."

मी थक्क झालो. हा माणूस कधी जपानबाहेर गेला नव्हता, आणि सातासमुद्रापलीकडच्या एका खोलीची जमीन त्याला ठाऊक होती! माझा तक्ता मला फार पोरकट वाटला. मी तो बंद केला.

"तिथे लोक गाणं चालू असताना ओरडतात म्हणे," मास्टर म्हणाले.

"मग माझी सोय झाली," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशीची ती ट्रम्पेटची रेकॉर्ड काढली.

"यातली ती जागा मला तेव्हाच ऐकू येईनाशी झाली होती. तुम्ही ओरडलात म्हणून कळलं, की ती आली. ओठांवर बोट ठेवलं ते गिऱ्हाइकांसाठी." त्यांनी सुई टेकवली. "अमेरिकेत माझ्या उजव्या बाजूला बसा. आणि लाजू नका."

जागा जवळ आली. मास्टर माझ्या तोंडाकडे बघत होते.

जागा आली आणि माझ्या तोंडून "वाह!" निघालं, घोगरं, पण मोठ्याने. तेव्हा कुठे मास्टरांनी डोळे मिटून मान डोलावली.