रिकाम्या रकान्यातली रेघ

"रिकामं सोडू नको बेटा, रेघ मार." काकांचं हे वाक्य ज्याने ऐकलं नाही, त्याला काका भेटलेच नाहीत असं समजा. टावर चौकात पोहे खायला गेलो आणि एक जण यायचा असला, तर काका त्याच्या खुर्चीवर रुमाल टाकत आणि म्हणत, "मारली रेघ."

बँकेच्या बदलीने ते उज्जैनला आले आणि निवृत्त झाल्यावर माधव नगरातच राहिले. त्या वयाची माणसं सकाळी बागेत हसायला जातात. काकांनी आम्हा चौघांना गोळा करून कॉम्प्युटरवर खेळ मांडला. एकाने गोष्ट रचत न्यायची, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं आणि पुढे काय घडेल ते फाशांनी ठरवायचं. पट पडद्यावर, त्यामुळे कोणी पुण्यात, कोणी इंदूरला, तरी दर रविवारी दुपारी सगळे हजर. लांब राहायला गेल्याने आमच्यातलं कोणी कमी झालं नाही.

गोष्टीतलं गाव काकांचं. गावकऱ्यांची नावं, धंदा, स्वभाव, हत्यार असा मोठा तक्ता होता. त्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ता ठेवायला नीट जागा नव्हती, म्हणून काकांनी तो सगळा एका लांबलचक ओळीत कोंबला. रकाना संपला की उभा दांडा, माणूस संपला की अर्धविराम. मग मॅक्रो लिहिला, म्हणजे एका बटणामागे बांधून ठेवलेल्या सूचना. बटण दाबलं की तो ओळ तोडायचा आणि हवा तो माणूस पडद्यावर आणायचा.

पहिल्याच रविवारी वेशीवर एक म्हातारी आली. धंदा: चिडकी. स्वभाव: कुऱ्हाड.

आम्ही हसून बेजार. झालं होतं असं की काकांना म्हातारीचा धंदा सुचला नव्हता आणि त्यांनी तो रकाना मोकळा ठेवला होता. मॅक्रो मोकळी जागा मोजतच नव्हता, त्यामुळे पुढचं सगळं एकेक घर अलीकडे सरकलं. दुसरा कोणी ओशाळला असता. काका शांतपणे म्हणाले, "चूक माझी. पण आता आली आहे तर येऊ द्या. आजीचा स्वभाव कुऱ्हाड." आणि ती म्हातारी त्यांनी अशी रंगवली की पुढे आम्ही कुठल्याही संकटात आधी तिचंच दार ठोठावायचो. रकान्यात लिहायला काही नसेल तर निदान रेघ मारायची, हा नियम त्या दिवसापासूनचा.

मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी काकांना फार दिवस नाहीत असं सांगितलं. मी उज्जैनातल्याच नानाखेड्याहून भेटायला गेले, तर लॅपटॉप उघडून बसलेले.

"ये. वाटच पाहून राहिलो होतो. आता खेळ तू चालवायचा."

"काका, तुम्ही नसाल तर आम्ही बंद करू."

ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "बंद कशाला? एवढं गाव बसवलं, ते काय कुलूप लावायला? बैठ इधर."

मग रोज संध्याकाळी ऑफिसातून परस्पर त्यांच्याकडे. ओळ कुठे तोडायची, कितवा रकाना कसा उचलायचा, सगळं माझ्याकडून लिहून घेतलं. मी चुकले की उत्तर सांगत नसत, नुसते बटणाकडे बोट दाखवत. दाबलं की माझी चूक समोर उभी राही आणि काका मजेत चहा पीत. भीती माझ्याच चेहऱ्यावर असायची. त्यांना खात्री होती की मला जमेल, आणि त्या खात्रीचा मला तेव्हा राग यायचा.

काका गेल्यानंतर दोन-तीन रविवार कोणी खेळाचं नावच काढलं नाही. मग पुण्याच्या मधुराचा फोन आला. "आज बसू या. नाहीतर काका ओरडतील."

तक्त्यातली पहिली नोंद आमची, खेळणाऱ्यांची. तिच्यात सगळ्यांत आधी खेळ चालवणाऱ्याचं नाव. मधुरा म्हणाली, "त्यांचं नाव काढ, तुझं घाल. आज तूच चालवणार ना?"

मी काकांचं नाव पुसलं. पहिल्या दांड्याआधी कोरी जागा राहिली. तिथे माझं नाव लिहवेना. मला रडू आलं.

पण रिकामं सोडलं नाही. रेघ मारली आणि बटण दाबलं.

गाव उघडलं. सगळी माणसं आपापल्या जागी होती.