शिट्टीबाई आणि साऱ्यांच्या बॅटी

शिट्टीबाई दोन बोटं जिभेखाली घालून शिट्टी मारायच्या. सत्तरी केव्हाच उलटलेली, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, आणि या बाई जिन्यातून अशी सणसणीत शिट्टी हाणायच्या की गच्चीवरची कबुतरं उडायची आणि खाली बसलेलो आम्ही उभे राहायचो. खोटं नाही सांगत, खरंच उभे राहायचो. गुडघेदुखीवाले, कंबरपट्टेवाले, सगळे! उभं राहून झाल्यावर मग एकमेकांकडे बघायचं, की अरे, आपण उठलो कशाला? बाईंचा उभा जन्म शाळेत पीटी शिकवण्यात गेलेला, त्यामुळे त्या शिट्टीत हुकूमच मुरलेला होता.

आमची ज्येष्ठांची वसाहत कोराडी रस्त्यावर आहे. सकाळी चादर वाळत घातली की संध्याकाळपर्यंत तिच्यावर वीज केंद्राच्या राखेची बारीक साय धरते. ते सोडलं तर सगळं झकास. लिफ्ट, बाग, देवघर, आणि हॉलमध्ये टेबल टेनिसचं टेबल. हे टेबल बिल्डरनं जाहिरातीच्या फोटोसाठी आणलं आणि ते तिथंच राहिलं. बॅटी मात्र फोटो काढणाऱ्यांबरोबर परत गेल्या. मग ज्यांच्या मुलांनी परदेशातून बॅटी पाठवल्या ते पुरुष खेळायचे, आणि आम्ही बायका भिंतीजवळच्या लांब बाकावर वाटाणे सोलत बसायचो. मी आयुष्यभर टेलिफोन खात्यात ‘होल्ड करा’ म्हणत बसलेली बाई. मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

खेळणाऱ्यांचे मुखिया म्हणजे कोराडीचे साहेब. वीज केंद्रातून निवृत्त झालेले इंजिनिअर आणि आमच्या समितीचे अध्यक्ष. त्यांची बॅट चेनच्या पिशवीत असायची. साहेब हरायला लागले की त्यांना बीपीची गोळी आठवायची. सर्रकन चेन, बॅट पिशवीत, साहेब घरी, डाव खतम. गल्लीतली पोट्टी करतात तेच, हुबेहूब! त्यांच्या मिसेस शोभाताई माझ्या शेजारीच बसायच्या. वाटाण्यावरची नजर न काढता म्हणायच्या, “गोळी तर यांनी सकाळीच घेतली.”

शिट्टीबाई राहायला आल्या त्या आठवड्यातच साहेबांना कुठून तरी कळलं की बाई एकेकाळी राज्याकडून खेळलेल्या आहेत. साहेब मोठ्या अदबीनं स्वतःची बॅट घेऊन पुढे आले. बाईंनी त्या बॅटकडे पाहिलं, आणि खूप दिवसांनी माहेरचं माणूस दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी बाकाकडे पाहिलं.

“आणि ह्या बाया काहून बसून राहिल्या?”

“त्यांना कुठे येतं, बाई!”

“कधी दिली काय त्यांच्या हाती?”

“अहो, महागाची बॅट आहे.”

“मंग राहू द्या साहेब,” बाई म्हणाल्या. आल्या, माझ्याशेजारी बसल्या, आणि माझ्या पिशवीतले वाटाणे सोलायला लागल्या. राज्याकडून खेळलेली बाई! मी तर बघतच राहिले.

बाईंची स्वतःची बॅट होती. त्यांनी ती मला खोलीत दाखवली. जुनी, मुठीपाशी घामानं काळी झालेली, आणि वडिलांनी हातमागावर विणलेल्या कापडात गुंडाळलेली. बाई उमरेडच्या विणकर घरातल्या. “आमच्या शाळेत दोन बॅटी होत्या,” त्या सांगायच्या. “हेडमास्तरांच्या कपाटात, कुलपात. पोट्टे तोडतील म्हणून. वाळवीनं खाल्ल्या, पण तुटल्या नाही!” स्वतः शिक्षिका झाल्यावर त्यांनी खेळाच्या कपाटाला कधी कुलूप लावलं नाही. वरिष्ठ ओरडले की बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं: “तुटली तर तुटली. खेळली म्हणूनच तर तुटली ना?”

तेच टुमणं त्यांनी आमच्याकडे लावलं. बॅटी वसाहतीनं घ्यायच्या, दरमहा आपण जो देखभाल खर्च देतो त्यातून. कपाट हॉलमध्ये, उघडं. ज्याला वाटेल त्यानं घ्यावी, खेळावं, ठेवावी. आणि तोवर बाई खेळणार नाहीत, स्वतःच्या बॅटनंसुद्धा नाही. साहेब काही वाईट माणूस नव्हते हो, त्यांचाही मुद्दा होता. “चार लोक खेळणार आणि खर्च सगळ्यांनी का सोसायचा? उद्या कोणी म्हणेल मला घोडा घेऊन द्या! आणि साऱ्यांची वस्तू म्हणजे कोणाचीच नाही, बाई. महिनाभरात भंगार होईल.” यावर अर्धी वसाहत माना डोलवायची. खरं सांगायचं तर माझीही मान डोलायची. मग बाई विचारायच्या, “तळमजल्यावरचे लोक लिफ्टचे पैसे काहून देतात?” की माझी मान दुसरीकडे डोलायची.

दिवाळी गेली, थंडी आली, नरखेडहून माझ्या भावानं संत्र्यांची पोती पाठवली. एका दुपारी बाईंसाठी संत्री घेऊन गेले तर बाई चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. तरी बशीत कप वाजत होता. त्याच म्हणाल्या, “कंपवात आहे, कमल. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल.”

मी म्हटलं, “बाई, मग कशाची वाट बघताय? समितीची मीटिंग कधी व्हायची ते देवाला ठाऊक. तुमची बॅट आहे, टेबल आहे, हात आज चालतोय. जा ना, खेळून घ्या!”

“अन् मी खेळली की साहेब म्हणतील, झालं, बाईचं समाधान झालं. मंग तुमचं काय?”

“आमचं काय व्हायचंय? आम्ही बसलोच होतो की.”

“हेच तं,” बाई म्हणाल्या. “ज्याच्यापाशी बॅट आहे त्यानंच थांबा लागते, कमल. ज्याच्यापाशी नाही त्याच्या थांबण्याले कोण विचारते वं?”

त्या दिवशी मी खोलीवर आले आणि खुळ्यासारखी रडले. जगात मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली, फोनवर तर कितीतरी ऐकली. पण हातातून एकेक दिवस निसटत असताना हक्काचा खेळ असा बाजूला ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मात्र बाई नुसत्या थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. एका सकाळी साहेब मंडळी फिरायला गेली असताना जिन्यातून शिट्टी आली. आम्ही बाकवाल्या बाया उठून हॉलमध्ये गेलो. “आपापल्या रबरी चपला साबणानं धुऊन आणा,” बाई म्हणाल्या. आणल्या! आणि मग त्या बाईनं आम्हाला चपलांनी टेबल टेनिस शिकवलं. चप्पल कशी धरायची, मनगट कुठं सैल सोडायचं, पाय कुठं. स्वतः चप्पलही हातात घेतली नाही, उभ्या उभ्या सगळं बोलून शिकवलं. “वं शोभा, पोळी लाटून राहिली काय? मनगट सोड!” “कमल, चेंडू पाह्य, मले काहून पाहून राहिली!” शोभाताईंनी ज्या दिवशी माझ्या डाव्या कोपऱ्यात चेंडू टाकला, त्या दिवशी त्या इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला. लग्नाला पन्नास वर्षं होत आलेली ही बाई असं हसते हे मला माहीतच नव्हतं.

आणि अर्थातच एक दिवस साहेब लवकर परतले. दारातच थिजले. कारण भाद्रपदात आमचा गणपती त्याच टेबलावर बसतो, हे आम्ही सगळ्या साफ विसरलो होतो! “टेबलावर चपला!” साहेबांचा आवाज फाटला. “बाप्पाच्या जागेवर!” संध्याकाळपर्यंत वसाहतभर बोंब झाली. कोणी टेबल गोमूत्रानं पुसलं, कोणी मुलांना फोन केले. बाई सरळ साहेबांच्या दारात गेल्या आणि हात जोडले. “चुकलंच साहेब. असं व्हायले नको होतं. मंग आता चपला नको तं बॅटी घ्या.” साहेबांना तातडीची सभा लावावीच लागली.

सभेत साहेब चांगलं बोलले. बाई कमी बोलल्या, हात पदराखाली धरून. सभा साहेबांच्या बाजूनं झुकायला लागली होती. तेवढ्यात वासुदेवराव काठी टेकत उठले. वासुदेवरावांना दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

“मले बाग दिसत नाही,” ते म्हणाले. “तरी मी बागेचे पैसे देतो, आजपर्यंत कुरकुर केली नाही. दुपारी खोलीत पडून राहतो तं खालून चेंडूचा टकटक आवाज येते. तो आला की वाटते, घरात माणसं आहेत. हे साहेब लवकर घरी गेले की आवाज बंद होते अन् मंग मले करमत नाही. माझ्या वाट्याचे घ्या बापा.”

मग बाकावरून एक हात वर गेला. शोभाताईंचा! साहेब समोर बसलेले, आणि त्यांच्या डोळ्यांत बघत शोभाताईंनी हात वर धरून ठेवला. मग माझा गेला, मग बाकावरच्या सगळ्यांचा, मग मागून पुरुषांचे. साहेबांनी बायकोकडे बराच वेळ पाहिलं आणि खांद्यापर्यंत, अर्धाच, पण हात वर केला.

बॅटी आणायला बाई आणि मी मेट्रोनं सीताबर्डीला गेलो. दुकानदारानं विचारलं, “नातवासाठी का, आजी?” “आमच्यासाठी,” बाई म्हणाल्या, “अन् हलक्या दाखवू नको, आम्हाले जोरात मारा लागते.” बॅट हातात घेतली तेव्हा त्यांचा हात पानासारखा थरथरत होता. दुकानदारानं नजर वळवली. मला वाटलं, संपलं, उशीर झाला. येताना मेट्रोत मी खिडकीबाहेर बघत बसले, त्यांच्या हाताकडे बघायची हिंमत होईना.

पहिल्या दिवशी सगळी वसाहत हॉलमध्ये जमली. “बाई पहिल्या! बाई पहिल्या!” म्हणून सगळे ओरडत होते. बाईंनी बॅट शोभाताईंच्या हातात दिली, दुसरी माझ्या. मग उरलेल्या बाकाला एकेक करून खेळवलं. सगळं झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, स्वतः टेबलाशी आल्या. समोर साहेब होते, वसाहतीची बॅट घेऊन.

बाईंचा हात थरथरत होता, बॅट थरथरत होती. साहेबांनी चेंडू टाकला आणि तो हात थांबला! चेंडू येताक्षणी असा स्थिर झाला, जणू त्याला कोणी हाक मारली होती. परत गेलेला चेंडू साहेबांना दिसलासुद्धा नाही. चेंडू गेला की हात पुन्हा कापायचा, चेंडू आला की पुन्हा थांबायचा. डॉक्टरांनी मला पुढे सांगितलं की या दुखण्यात असं होतं, काम करताना थरथर कमी होते. होत असेल. मी मात्र तोंडावर पदर धरून उभी होते. वासुदेवराव पुन्हा पुन्हा विचारत होते, “हा कोणाचा आवाज आहे? हे कोण मारून राहिलं?”

साहेब सपशेल हरले. सवयीनं चेनची पिशवी शोधायला त्यांचा हात खुर्चीकडे गेला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हातातली बॅट त्यांची नाही. ती घरी नेता येत नव्हती. साहेबांनी ती कपाटात ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या बाकावर येऊन बसले. शोभाताईंनी सरकून जागा दिली आणि वाटाण्याच्या शेंगा पुढे केल्या. त्यांनी मुकाट्यानं सोलायला घेतल्या.

बाई ती थंडी आणि पुढचा उन्हाळा खेळल्या. मग हात काम करतानाही थांबेना. बोटं जिभेखाली नीट बसेनात, शिट्टी गेली. रायपूरची मुलगी न्यायला आली. निघायच्या सकाळी बाईंनी त्या विणलेल्या कापडातून स्वतःची बॅट काढली आणि उघड्या कपाटात इतर बॅटींमध्ये ठेवून दिली. मी म्हटलं, “अहो, ही तरी न्या! निदान हिच्यावर तुमचं नाव लिहू.” “नाव लिहिलं की कोणी हात नाही लावत वं,” बाई म्हणाल्या. कापड मात्र त्यांनी मला दिलं.

मागच्या महिन्यात ती बॅट तुटली. शोभाताई साहेबांविरुद्ध खेळत होत्या, आवेशात बॅट टेबलाच्या कडेवर आपटली आणि मुठीपाशी दोन तुकडे झाले. शोभाताई रडायला लागल्या. साहेब कधी नव्हे ते कासावीस झाले, “मी माझी देतो, ती ठेवा कपाटात,” म्हणत चेनची पिशवी आणायला धावले. बाईंना कळवणं माझ्या वाट्याला आलं. मी बाकावर बसून रायपूरला फोन लावला. मुलीनं फोन त्यांच्या कानाशी धरला. मी कसंबसं सांगितलं.

पलीकडून अगदी बारीक, अडखळत प्रश्न आला, “कोण खेळून राहिलं होतं?”

“शोभाताई. साहेबांशी.”

“जिंकली काय?”

“जिंकल्या, बाई. तो शेवटचाच फटका होता.”

मग फोनमध्ये काहीतरी खसफसलं, आणि एक लांब फुंकर ऐकू आली. नुसती हवा, दुसरं काही नाही. त्या शिट्टी मारत होत्या.

मी बाकावरून उठून उभी राहिले.